नाही म्हटलेलं बाळ

३ ऑक्टोबर, सकाळचे साडेदहा
सुटकेसवर बसून पेन्सिलीला टोक काढलं आणि ही वही सुरू केली. खोली झकास मिळाली. तळमजला, म्हणजे हिला जिना नाही. खिडकीतून समोर हॉस्पिटलचं फाटक दिसतं. डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीला टाका घातलाय आणि बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलंय. सहावा महिना. आधीची तिन्ही बाळं इथवर पोचलीच नाहीत.

मला काचसामानाच्या दुकानात पॅकिंगचं काम मिळालं. ही म्हणाली, नववी नापास माणसाला नाजूक वस्तू सांभाळायचा पगार मिळतोय, आता घरीही तेच करा. खूप हसलो.

एक ठरवलं आहे. तिन्ही वेळा सगळ्यांना आनंदानं सांगत सुटलो आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातांनी परतलो. या खेपेला कोणाला सांगायचं नाही. विचारलंच तर हिची पाठ दुखावली आहे.

९ ऑक्टोबर
घरमालकीण काकू चादरी द्यायला आल्या. विचारलंच त्यांनी, मुलंबाळं? हिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि शांतपणे म्हणाली, "आम्हांला मूल नाही. होणारही नाही."

काकू ओशाळल्या, पाठ शेकायला सांगून गेल्या. माझा हात पांघरुणाखाली हिच्या पोटावर होता. आत चुळबुळ चालली होती, ती त्या वाक्यासरशी थांबली. संध्याकाळपर्यंत काही हललं नाही. हॉस्पिटलात धावत निघणार, तेवढ्यात लाथ बसली. ही म्हणाली, काळीज सशाचं आहे तुमचं.

२ नोव्हेंबर
तपासणी झाली. ठोके उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता त्याला ऐकू येतं, बोलत जा त्याच्याशी. घरी आल्यावर मी म्हटलं, लाडानं बोलू या. हिचा चेहरा उतरला. आधीच्या तिघांशीही लाडानंच बोललो होतो, म्हणाली.

"ज्याला नाही म्हटलं, तेच टिकलंय."

आता ही रोज पोटावरून हात फिरवत अंगाईसारखं म्हणते, मूल नाही, होणारही नाही. आत सगळं चिडीचूप होतं. भीती वाटते, पण मीही म्हणतो. तिच्यासाठी म्हणतो.

१४ डिसेंबर
रक्तदाब एकदम वाढला. घाईघाईनं ऑपरेशन. दोघं सुखरूप. ही बाळ न बघताच झोपली. बाळ लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय. डोळे टक्क उघडे. जन्मल्यापासून रडलं नाही. श्वास, रंग, सगळं ठीक म्हणतात. नर्स म्हणाली, नशीबवान आहात, इतकं गुणी बाळ बघितलं नाही.

२२ डिसेंबर
पेट्यांचा फेरा करताना नर्स आमची पेटी सोडून पुढे गेली. काल एकदा, आज पुन्हा. हाक मारली तेव्हा कपाळावर हात मारून मागे आली. म्हणाली, रडत नाही हो, लक्षातच राहत नाही.

२ जानेवारी
घरी आणलं. काकू हिच्या पाठीची चौकशी करायला आल्या आणि थेट कॉटवर बसायला गेल्या — बाळावरच बसत होत्या, मी झटकन उचललं. पुढे धरून दाखवलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. म्हणाल्या, झोप काढा जरा, घरातल्या आजारपणानं माणूस अर्धा होतो.

ही भिंतीकडे बघत होती.

४ जानेवारी
हिचा ब्लाउज दुधानं भिजला. मला विचारते, हे ओलं कशानं झालं? बाळ पुढे केलं तर म्हणाली, काय आहे हातात? आधी वाटलं, चेष्टा — डोळ्यांत चेष्टा नव्हती. ऑपरेशन पाठीचंच झालं म्हणते. पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून म्हणते.

५ जानेवारी
मीच बाटलीनं पाजतोय. कानाशी सांगतोय, तू आहेस, आहेस. टक लावून बघतं. पटत नाही त्याला. आम्हीच शिकवलं — इतके दिवस जे शिकवलं तसंच वागतंय. रड म्हटलं, एकदा रड. पायाला चिमटा काढला. ओठ घट्ट मिटून घेतले —

दुपारी बाटली उकळत ठेवली आणि कशासाठी ते — क्षणभर आठवेना. क्षणभरच. आता खाली ठेवायचं नाही. दुकान नाही, झोप नाही. हातातच —

६ जानेवारी
हिला बरं वाटतंय. हिशेब राहिलाय.

भाडं ३,२००. हिची औषधं ७४०. दुधाची पावडर, दोन डबे, ५८० — कोणी आणली? लहान दुपटी सहा, १५० — काचा पुसायला असतील. देणं : हॉस्पिटल १४,०००, पाठीचं ऑपरेशन. दुकानातून उचल २,०००.

डावा हात अवघडलाय, सकाळपासून काहीतरी धरून बसल्यासारखा. ऊब लागतेय. खाली ठेवावं म्हणतो, पण काय —