मी नाही, मज्जारज्जू

१ तारीख, सकाळी ७
बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली. जाताना बजावलं, महिनाभर कुणालाही मारलं नाहीस तरच परत येईन. त्यात काय! ठराव: डोक्यावर बर्फ, जिभेवर साखर.

३ तारीख
मान उडवलेली कोंबडी हातातून सुटली. ओट्यावरून थेट गिऱ्हाइकाच्या पायांवर. रक्ताचा सडा. गिऱ्हाईक म्हणजे विज्ञानाचे मास्तर. पँट पुसत म्हणाले, डोकं गेलं तरी कण्यातला मज्जारज्जू हुकूम सोडत राहतो. चटका बसला की हात आधी मागे येतो, मेंदूला मागाहून कळतं.
वीस वर्षं कोंबड्या कापतोय, आज कुठे स्वतःचा उलगडा झाला. मी आजवर कुणालाच मारलेलं नाही. मज्जारज्जू मारतो. मला मागाहून कळतं.

८ तारीख
दुकानाचे मालक म्हणाले, तुकडे ओबडधोबड झालेत. किलोचं वजन त्यांच्या कानाजवळून गेलं. काच फुटली. लागलं नाही, म्हणजे मारलं नाही. महिना चालू.

१४ तारीख, दुपार
शेजारच्या मासेवाल्याला शास्त्र समजावलं. तो हसला. हसायला नको होतं. त्याचे दोन दात, माझं एक बोट. मज्जारज्जू फारच तापट निघाला. बायकोला कळवलं नाही. उगाच काळजी करेल.

२२ तारीख
बोटाचे सात टाके आज काढले. मास्तरांना माझा शोध सांगितला. म्हणाले, अहो, तो हात मागे घेतो. पुढे जाऊन नेमका जबडा गाठायला मेंदूच लागतो. मास्तरांचं अर्धवट ज्ञान! सुरी लाकडी ओंडक्यात चार बोटं खोल रुतली. मास्तर चिकन न घेताच पळाले.

३१ तारीख, संध्याकाळ
बायको आली. मासेवाल्याचं तिला अजून ठाऊक नव्हतं. बॅग हातातच होती. मागे मुलगी, दोन वेण्या घातलेली. ऊर भरून आला. डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात वर केला.
पोरीची दोन्ही कोपरं तोंडावर गेली आणि ती मटकन खाली बसली. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. लाड करणार होतो हे तिला मागाहून कळलं, तेव्हा ती रडली.
बायकोनं तिला उठवलं, कडेवर घेतलं, जिना उतरली.
माझा हात वरच होता. खाली घ्यायचा हुकूम कुणी द्यायचा, कळेना.