माझा आक्षेप मान्य झाला त्याची हकीकत

ओबरबाख, रविवार

प्रिय वेरेनाताई,

थोरल्या बहिणीला करायचा तो वाकून नमस्कार, आणि आर्नोल्डभाऊजींना त्यांच्या कमरेकडे पाहून न वाकता नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसतं डॉक्टरांचं कौतुक करतेस? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे. मार्ग्रिट गेला आठवडाभर माझ्याशी ‘मीठ’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलते. कारण पुढे येईलच. तुझं पत्र आणि अंगणाचा फोटो पोचला. तुमच्या घरामागेही होऊ घातलेल्या इमारतीची उंची दाखवणाऱ्या काठ्या उभ्या राहिल्या, त्यांची उंची बघून सबंध गल्लीने आक्षेपावर सह्या केल्या आणि प्रकरण जिंकल्यात जमा आहे, हे वाचून बरं वाटलं. आमचं तर जिंकूनच झालं. कसं ते ऐक.

आमच्या घराच्या पश्चिमेला ती बंद पडलेली लाकडाची गिरणी तुला आठवत असेल. तिथे एक भलंमोठं स्वस्त दुकान येणार, सोबत मोटारी लावायला एवढी जागा, की गावातल्या सगळ्या मोटारी मावून वर गाईही मावतील. (दुकानाची गरज काय, तर म्हणे तिथे दही स्वस्त मिळेल. ज्या गावात माणसांहून गाई जास्त, त्या गावात!) मग रीतीप्रमाणे काठ्या आल्या. आपल्याकडे कोणाला कोंबड्यांचं खुराडं बांधायचं झालं, तरी आधी त्याच्या उंचीच्या काठ्या रोवून शेजाऱ्यांना मनसोक्त संतापायची सोय करून द्यावी लागते, ही मला या देशातली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते. काठ्या पाहून गाव संतापलं. समोरच्या नुसबाउमरबाई तर रडल्याच. स्वयंपाकघरातून त्यांना जो डोंगर दिसतो, त्याची त्यांच्या नवऱ्यापेक्षाही जुनी ओळख. आणि आमच्यापुरतं म्हणशील, तर भिंतीवर तारांच्या आधाराने चढवलेलं बाबांचं जर्दाळूचं झाड. दुपारचं ऊन गेलं की झाड गेलं, आणि झाड गेलं की मार्ग्रिटचा मुरंबा गेला, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

इंजिनियर मी नाहीच. रोपवेच्या तारा तपासत उभी हयात गेली, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण गावाचे बांधकामाचे नियम मी तळटिपांसकट वाचलेत. (ते लिहिणाऱ्यांनी तरी वाचलेत का, याची शंका येते.) गावाने आक्षेप कसे लिहिले म्हणशील? ‘गावपण हरवेल’, ‘आमच्या मुलांचं काय होणार’, ‘मन उदास होतं’. मन उदास होणं कुठल्या कलमात बसतं? मी शाळेतला कोनमापक, एक ओळंबा आणि लिंबू सरबताची नळी एवढ्या साहित्यावर काठ्या मोजल्या, नकाशाशी ताडून पाहिल्या, आणि एकच मुद्दा लिहिला: काठ्या नकाशाप्रमाणे नाहीत. बाकी काही लिहिलं नाही. जिथे एक खिळा पुरतो तिथे मी दोन ठोकत नाही.

आठवड्यापूर्वीच्या शनिवारी पंचायत जागेच्या पाहणीला आली. अध्यक्ष त्सुम्ब्यूल, त्यांची टोपी, झुरिकहून आलेली कंपनीची आर्किटेक्ट आणि निम्मं गाव. माझी पाळी आली तेव्हा मी पुढे होऊन सरळ सांगितलं, की या काठ्या खोट्या आहेत. टाळ्या पडल्या, ताई! चीजवाला तर ओरडला, “बोल एर्विन, सोडू नकोस त्यांना!” नुसबाउमरबाईंनी माझा हात हातात घेतला. आर्किटेक्टचा चेहरा पांढरा पडला.

“किती कमी आहेत?” अध्यक्षांनी विचारलं.

“कमी कुठे? जास्त आहेत. चांगल्या दीड मीटरने जास्त!”

एवढी शांतता मी फक्त रोपवे मधेच बंद पडल्यावर ऐकलीय. आर्किटेक्टने फोन लावला, कोणाला तरी झापलं, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की तसं मार्ग्रिटने लग्नातही पाहिलं नव्हतं. काठ्या रोवणाऱ्याने उंची जमिनीऐवजी जुन्या गिरणीच्या चौथऱ्यापासून धरली होती. तिथल्या तिथे माणूस वर चढवून काठ्या कापल्या. नुसबाउमरबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. “अगंबाई, दिसतोय की डोंगर! मग मी कशाला भांडू? माझा कागद परत द्या.” त्यांच्यामागे चीजवाला, त्याच्यामागे सगळी रांग. “हे एवढंसंच होतं होय!” म्हणत जो तो घरी जेवायला गेला. उरला एकच आक्षेप, माझा. आणि तो पंचायतीने पूर्णपणे मान्य करून, त्रुटी दूर झाल्याची नोंद घालून, आभारांसह निकाली काढला. दुकानाला परवानगी मिळाली. अध्यक्षांनी मुद्दाम माझ्याशी हस्तांदोलन करून सांगितलं, “तुम्ही नसता, तर हे प्रकरण वर्षभर चाललं असतं हो.”

वाटेत मार्ग्रिट म्हणाली, “आणि आपलं ऊन?” मी घरी येऊन तेही गणित मांडलं. कापलेल्या काठ्यांनीसुद्धा तीन वाजल्यानंतर भिंतीवर सावली येते. ते मी तिला आकृती काढून दाखवलं. तेव्हापासून मीठ आणि दार. नवा आक्षेप घ्यायची मुदत संपलीय. आता तूच सांग, गावात आक्षेप सगळ्यांनी घेतले, पण मान्य कोणाचा झाला? बाकीच्यांच्या तोंडाला पानंच पुसली गेली.

भाऊजींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा धाकटा भाऊ,
एर्विन

ता. क. एक छोटंसं काम होतं. बाबांच्या झाडाची कलमं मी बांधून ठेवलीत. तुझ्या गॅरेजशेजारच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं. आता या झाडाला जगात तेवढीच एक भिंत उरलीय, तेव्हा पानगळ झाली की एक कलम घेऊन येतो. भाऊजींनी फक्त खड्डा खणून ठेवावा. (कमर सांभाळून.) तू हो म्हणालीस, असं मार्ग्रिटला सांगितलंय, त्यावर ती ‘बरं’ म्हणाली. आठवड्यातला तिसरा शब्द.

ता. क. २. तुझा फोटो भिंग लावून नीट पाहिला. गॅरेजचा दरवाजा मीच बसवलेला, त्यामुळे त्याची उंची मला पाठ आहे. त्या मापाने तुमच्या मागच्या काठ्या निदान एक मीटर जास्त उंच आहेत. सबंध गल्लीने सह्या केल्या आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कमाल आहे. पण तू काळजी करू नकोस. तुमच्या पंचायतीला मी कालच सविस्तर कळवलंय.