लिंबावरून समुद्राकडं

अहो, ऐकलं का,

तुम्ही जहाजावर असताना मी पत्र टाकायची, आन उत्तर यायला दोन-दोन महिने लागायचे. आता तर उत्तराची आशाच न्हाई, तरी लिहून राहिले. उद्या आपला विजय मला मुंबईला नेतोय, तुम्हाला घेऊन. निघायच्या आधी तुमच्याशी भांडून घ्यायचंय. तिथं चार लोकांसमोर मला बोलता यायचं न्हाई.

वर्ष होत आलं, तुम्ही लिंबाला टांगलेले. राख सावडली, गाडग्यात भरली, तोंडाला फडकं बांधलं आन दारापुढच्या लिंबाला लटकवलं, अस्थी घरात आणत न्हाईत म्हणून. दोन-चार दिवसांसाठी बांधतात हो! भाऊजी कितीदा म्हणाले, "वहिनी, असं ठेवू न्हाई. चला, नांदेडला गोदावरीत सोडून येऊ." मी "हाव, जाऊ" म्हणायची आन शेंगा फोडत बसायची. वारं सुटलं की गाडगं फांदीवर टकटक वाजतं. गावातल्या बाया दिवेलागणीला आपल्या दारावरून जायच्या बंद झाल्या.

मला काय हौस होती का? घोळ तुम्हीच घालून ठेवला! "मला समुद्रात सोडा" म्हणालात. औशाच्या माणसाला मेल्यावर समुद्र कशाला लागतो?

नोकरी सुटून गावाला आलात, तरी लाईट गेली, पंखा थांबला, की तुम्ही खाटेवरून उठून उभे. ताठ, हात मांड्यांना चिकटवून. एकदा तं भरल्या ताटावरून उठलात! मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. मग एका दिवशी सांगितलंत.

मारोती. देगलूरकडचा, तुमच्या जोडीचा नौसैनिक. बोलताना मधीच तेलुगू घुसवायचा म्हणे. बंदर लई लांब होतं, तापानं तो जहाजावरच गेला. तुम्हीच त्याला जाड कापडात शिवलं. वर तरंगून येऊ न्हाई म्हणून पायाशी लोखंड बांधलं. फळीवर ठेवला, अंगावर झेंडा. जहाजाचं इंजिन बंद केलं, पंख्यावाणी घरघर थांबली, सगळे ताठ उभे राहिले. बिगुल वाजला, फळी तिरपी केली. झेंडा तुमच्या हातात राहिला आन मारोती गेला.

सुट्टीत त्याच्या मायला भेटायला गेलात. म्हातारी रडली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, "माझ्या लेकराचं डोकं कोण्या दिशेला ठेवलंत?" तुम्ही तिच्या पाया पडून उठलात. मला मात्र म्हणालात, "कोणती दिशा, कुसुम? पायात लोखंड होतं. तो उभाच गेला. आजून उभा आसंल तिथं, एकटा. मी मेलो की मला त्याच्याकडं पाठव."

आन आपली लेक? तिचं काय?

तुम्ही समुद्रावर होतात तेव्हा ती गेली. सव्वा महिन्याचीबी झाली न्हवती. तुम्ही तिचं तोंडबी पाहिलं न्हाई. बांधावरच्या बोरीखाली भाऊजींनी तिला माती दिली. नोकरी सुटल्यावर इतकी वर्षं शेतात गेलात, तं बोरीला वळसा घालून जायचात. एकदा तरी टेकलात का तिच्यापाशी? मारोतीसाठी ताटावरून उठत होतात, आन लेकीसाठी घडीभर बसवलं न्हाई तुमच्यानं! म्हणून न्हाई सोडलं मी तुम्हाला. माझ्या मनात होतं, बोरीखाली खड्डा करायचा आन गाडगं ठेवून द्यायचं. जित्तेपणी न्हाई आलात, मेल्यावर तरी बापावाणी या.

पण तुम्ही गप राहू देता का? लाईट जाते, पंखा थांबतो, आन तुमची खाट करकरते, कोणी उठल्यावाणी. आधी वाटलं मांजर. मांजर तं उंबऱ्यात झोपलेलं. "बसा हो," म्हणते मी, "येते लाईट, बसा." आपल्याच नवऱ्याची काय भीती? पण वाटते. लई वाटते.

मागच्या आठवड्यात हद्द झाली. भर दुपारी तुरीची डाळ निवडत होते. लाईट गेली. खाट वाजायची वाट पाहिली, वाजली न्हाई. मग पाहते तं सूप खाली पडलेलं, डाळ घरभर, आन मी उभी! हात मांड्यांना चिकटलेले. मी कधी उठले? मला कोणी उठवलं? समुद्र मी पाहिला न्हाई, मारोतीला पाहिलं न्हाई. तरी लाईट येईस्तोवर मला बसता येईना. मी समजायची, तुम्ही हट्टानं उभे राहता. तसं न्हवतं तर.

त्याच सांजेला विजयला फोन लावला. त्यानं नौदलात चौकशी केली. जहाजावर नेतात म्हणाला, बिगुल वाजवतात, घरच्या माणसाला आपल्या हातानं सोडू देतात. "आई, तुला तं विहिरीत वाकून पाहायची भीती वाटते. मी सोडतो," म्हणाला. मी न्हाई म्हणलं. धरून मी ठेवलं, सोडायचंबी मीच.

आज सकाळी गाडगं उतरवलं. हलकं लागलं हो हाताला! मनात आलं, एवढंसं हाड काढावं आन बोरीखाली ठेवावं, कोणाला कळतंय? फडक्याची गाठ सोडलीबी. मग परत बांधली. अर्धामुर्धा माणूस तिकडं जाऊन काय करणार?

तं हे वचन घ्या. चिमूटभर राखबी मागं ठेवणार न्हाई. सगळेच्या सगळे सोडते तुम्हाला. रडणार न्हाई असं म्हणत न्हाई, रडंन. पण विजयला बजावून ठेवलंय, माझं काही नदीत, समुद्रात न्यायचं न्हाई. मला बोरीखालीच ठेवायचं. आपली दोघांची गाठ परत पडायची न्हाई, हे कळतंय मला. पण काय करू?

तुम्ही मारोतीपाशी राहा. मी लेकीपाशी राहते.

तुमच्यावर आजून रागावलेली,
कुसुम