काय चोरलं, पोरी?

आबा, नाही, मी तिला फूस लावलेली नाही. ती लहानपणापासून स्वतःच्याच डोक्याने चालते, त्याला मी काय करू? माझी पोरगी, तुमची नात, पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी आली. कोणी काढलं नाही तिला. आपल्या हाताने राजीनामा दिला. बॅग टेकवली, पाणी प्यायली अन् म्हणे, "नाना, सोडली नोकरी. आता इकडेच, मेहरूणला दुकान टाकते, भरीत विकणार." माझ्या तोंडून निघालं, "काय चोरलं, पोरी?"

खरंच तेच निघालं. दुसरं काय निघणार? आपल्या कॉलनीत माणूस सरकारी फॅक्टरीतून रिटायर व्हायचा, नाहीतर मरायचा. मधूनच कोणी घरी बसला की गेटवरच्या झडतीत त्याच्या डब्यात चोरीचं काहीतरी सापडलं असणार, असंच सारे धरून चालायचे. पोरगी आधी हसली. मग हसू गेलं तिचं. "नाना, मला ओळखता ना तुम्ही?" एवढंच बोलली अन् आत गेली.

मी तरी काय, एकदाच बोललो होतो तुमच्यापुढे, की फॅक्टरी सोडतो, दोस्तासंगे टेम्पो घेतो. तुम्ही चुलीजवळ जेवत होता. हातातली भाकर ताटात ठेवली, उठलात, कानाखाली दिली. "सरकारी भाकर शे ती! सोडशी तर बठ्ठा गाव हाशी." सारं गाव हसेल म्हणून बजावलंत अन् परत बसून जेवलात. मी टेम्पोचं नाव काढलं नाही पुन्हा.

आता हिचं धुळ्याला जमत आलेलं. मुलगा तिला पसंत, फक्त सुपारी फोडायची बाकी. रविवारी मुलाचा बाप यायचा होता. मी पोरीला बजावलं, "नोकरीचं बोलू नको. सुट्टीवर आली सांग." बरं म्हणाली. अन् बघतो तर अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजतेय! माळ्यावरची लाकडी बडगी काढलेली, तिच्यात वांगी, मिरच्या, लसूण ठेचतेय धपाधप. डोळे धुराने लाल. पाहुण्याला ताट वाढलं अन् स्वतःच सांगून मोकळी, "काका, मी नोकरी सोडली. आता हेच विकणार. कसं झालंय?" तो माणूस जेवला मात्र पोटभर, कळण्याच्या पुऱ्या मागून घेतल्या. जाताना म्हणे, "विचार करून कळवतो."

काल फोन आला त्याचा. "नाना, पोरगी परत नोकरीला लागेल ना? तेवढं कबूल करा, लगेच सुपारी फोडू." मी हो म्हणायलाच तोंड उघडलं, आबा, देवाशप्पथ. अन् ऐकतो तर मीच बोलतोय, "नाही लागणार. दुकानाचं ठरलंय. चालत असेल तर या, नाहीतर दुसरीकडे बघा." त्याने फोन ठेवला. मी हातातल्या फोनकडे बघतच राहिलो. कोण बोललं हे?

पोरगी दारात उभी. "नाना, काय म्हणाले ते?"

"पाहू म्हणाले," मी सांगितलं. "जा, वांगी आण."

हा कागद कुठे धाडायचा नाही, तुमच्या हार घातलेल्या फोटोमागेच ठेवायचा, म्हणून लिहितो, मुलगा मलाही आवडला होता. बस. पुढचं विचारू नका, मी काही सांगणार नाही.