पायलीत मावणारं कुत्रं

दवनीवाडा, ५ डिसेंबर २०११

उद्या गोंदियाहून मावशी कुत्र्याचं पिल्लू आणणार, चिवावा, कुत्र्यांतली सगळ्यात लहान जात! त्या आनंदात आज मी वर्गात दोनदा हजेरी घेतली.

बाबा मात्र धान मोजायची पायली दाखवत म्हणाले, “पायलीत मावन एवढं कुत्रं कायले आनून राहिली? बैलाच्या पायाखाली येईन, थंडीनं गारठन, नाही तं कुंपनातून निसटन.”

खरंच की. हाडंही नाजूक असतात म्हणे. मी घाई तर करत नाही ना?

संध्याकाळी पाहते तर बाबा तीच पायली घेऊन कुंपणाशी बसलेले! ज्या फटीतून पायली जाईल, ती फट बांबूच्या कमच्यांनी बुजवत होते.

“कोंबड्या निसटून राहिल्या,” म्हणाले.

आमच्याकडे कोंबड्याच नाहीत!