सव्वीस नंबरची फाइल

३ जून

चि. खटपट्या,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस, म्हणून लिहितेय.

आईचं कपाट शेवटी आवरायला घेतलं. तिला जाऊन सात महिने झाले तरी हात लावायचा धीर होत नव्हता. साड्यांच्या मागे तिचा छोटा कॅमेरा निघाला. कार्डात बरेच व्हिडिओ आहेत. अप्पांना ते टीव्हीवर बघायचेत. कॉम्प्युटरच्या वाटेला ते जात नाहीत, पण डिस्क घालून रिमोटची तीन बटणं दाबता येतात. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून डिस्क करून आणली, तर आपला प्लेअर ती वाचता येत नाही असं सांगतो आणि बाहेर ढकलतो. अप्पांचा जन्म लेथवर गेला. ते पाना घेऊन प्लेअर खोलायलाच निघाले होते. मी हात धरला म्हणून वाचला बिचारा.

तू दिवसभर लोकांच्या लग्नाच्या डिस्क करतोस, आता एक घरची कर. अप्पांसाठी करवत नसेल तर माझ्यासाठी कर. नऊ वर्षांत तुम्ही दोघं धड चार वाक्यं बोलला नाहीत, आईच्या दिवसांतसुद्धा नाही. तो विषय आज काढत नाही. कार्ड सोबत आहे.

माया आहेच, उत्तर आलं तर ती आणखी वाढेल.
तुझी ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कार्ड पोचलं. काडेपेटीत कापूस घालून पाठवण्याची अक्कल तुझीच.

दुकानदारानं कॅमेऱ्यातल्या फाइली जशाच्या तशा डिस्कवर टाकल्या. जुन्या प्लेअरला कॅमेऱ्याची भाषा कळत नाही. एकेक फाइल त्याला समजेल अशा जातीत बदलायची, मग सगळ्या एकत्र बांधायच्या आणि डिस्क हळू वेगानं लिहायची. घाई केली की आवाज ओठांच्या मागे राहतो. एकूण बेचाळीस फाइली आहेत. मशीन आपलं आपण बदलत असतं, समोर बसावं लागत नाही. मी मात्र बसलो. आई जवळपास कशातच दिसत नाही गं, कॅमेरा कायम तिच्याच हातात. पण मागून तिचं हसू येतं, आणि सुरू झालंय का असं दर वेळी विचारणं.

सव्वीस नंबरच्या फाइलीत नुसता साखरेचा डबा आणि टेबलाची कड दिसते. बहुतेक आई कॅमेरा बंद करायला विसरली. मी घर सोडलं तो दिवस आहे ताई. मी ओरडतोय की वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवणार नाही. अप्पा ओरडतायत की मग या दारात पाय ठेवू नकोस. दार आपटतं. मला माहीत होतं ते इथपर्यंतच.

फाइल तिथे संपत नाही. मग आई विचारते, असं का बोललात. अप्पा सांगतात, पोराचा हात चांगला आहे, पण इथे राहिला तर कायम माझा मदतनीसच राहील. रागावून गेला तर तिकडे टिकेल, मायेनं सोडला तर महिन्यात परत येईल. त्याला यातलं काही सांगू नकोस, अशी शपथही घालतात. त्यानंतर ते रडतात. मी अप्पांना कधी रडताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं आवाज खराब झालाय.

तुला हे ठाऊक होतं का? ही फाइल डिस्कवर घालू का? न विचारता घातली तर चोरून ऐकल्यासारखं, आणि काढली तर खोटं. काम थांबवलंय.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच, या वेळी सल्लाही हवा.
तुझा, खटपट्या

२३ जून

चि. खटपट्या,
अनेक आशीर्वाद. नाही रे, ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सासरी होते, आम्ही दोघं इथे राहायला आलो ते नंतर. आईनं शपथ पाळली. तुझा फोन येऊन गेला की ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तेव्हा मला तिचा राग यायचा, आता स्वतःचा येतोय.

दोन दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. मग वाटलं, या घरात लपवालपवी पुरे झाली, आणि अप्पांना सरळ सांगून टाकलं. ते मागच्या खोलीत गेले आणि शेगडा घट्ट झालाय म्हणून तासभर त्याला तेल घालत बसले. त्यांचा तो टेबलाला ठोकलेला, लोखंड घट्ट पकडून ठेवणारा शेगडा, विसरला नसशील. जेवायला बसल्यावर म्हणाले की ती फाइल घालायला सांग, आणि काही कापू नकोस म्हणावं.

ते तुझ्यावर चिडलेले नाहीत. घाबरलेत. मीही पहिल्यांदाच बघतेय.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

११ जुलै

चि. बाळ,
अप्पांचे आशीर्वाद. तुला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

डिस्क मिळाली. पहिल्याच फटक्यात लागली. चित्र स्वच्छ आहे, आवाज ओठांबरोबर आहे, कुठे अडकत नाही. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलं, फुकटचं कौतुक करत नाही. हे काम नीट झालंय.

सव्वीस नंबर ऐकताना ताईला बाजारात पाठवलं होतं. तीनदा ऐकलं.

मी हिशेब केला होता एक वर्षाचा. वर्षात तुझा जम बसेल, मग सगळं सांगू. वर्ष झालं आणि तू आला नाहीस. मग मला वाटलं, आधी त्यानं यावं. तुझी आई म्हणायची, तुम्ही लिहा. मी नाही लिहिलं. लोखंडात केसाएवढं माप चुकलं तर मी तुकडा फेकून द्यायचो, आणि इथे नऊ वर्षांनी चुकलो. त्यात ती गेली. जे बोललो ते तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. तुझा राग रास्त आहे. तो संपव असं मी म्हणणार नाही.

तू काम करतोस ती जागा बघायची आहे. एका बाजूला खुर्चीवर बसेन, मधे बोलणार नाही. ताईनं तिकीट काढलंय. रविवारी सकाळी दहाला पोचतो. घ्यायला ये. मला तुझं घर माहीत नाही.

तुझे
अप्पा