'पुढे' हे बटण

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला गेला का, की तो खोकला नाहीच असं ते अजून म्हणतात? इकडे आई-बाबा ठणठणीत आहेत. मीही ठीक आहे. (हे वाक्य खरं आहे का, याचा मी बराच विचार केला. तब्येतीपुरतं खरं आहे.)

माझं काम तुला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. आमच्या ऑफिसात कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवतात. पडद्यावर एकेक पान येतं, ते वाचायचं, चित्रांवर टिचकी मारायची, मधे प्रश्न आला तर उत्तर द्यायचं आणि 'पुढे' हे बटण दाबायचं. ते बटण कधी चालावं आणि कधी नाही, हे ठरवणं माझ्याकडे आहे. माझी नोकरी अजून कच्ची आहे. ती पक्की होणार की नाही, ते या पहिल्याच धड्यावर ठरणार होतं.

धडा होता हॉटेलातल्या लोकांसाठी: आग लागली तर इमारतीबाहेर कसं पडायचं. आता तू मला घरी शिकवायचीस तेव्हा समजल्याशिवाय पान उलटू द्यायची नाहीस, पानावर हात ठेवूनच बसायचीस. (पुढे शाळेत गेले आणि पाहिलं, तर मुलं न समजताच पान उलटत होती. बाईसुद्धा! मला धक्काच बसला होता.) म्हणून सगळं वाचून, सगळ्या चित्रांवर टिचकी मारून होईपर्यंत मी 'पुढे' बंद ठेवलं. मग वाटलं, लोक मागे जाऊन उत्तर बघून येतील, ती तर लबाडी झाली. 'मागे' काढून टाकलं. अनुक्रमणिका दिसली तर थेट शेवटावर उडी मारतील, म्हणून तीही लपवली. उत्तर चुकलं की पुन्हा पहिलं पान. कोपऱ्यातली बंद करायची फुलीसुद्धा काढली, कारण आगीच्या धड्यातून मध्येच उठून जाणं मला बरोबर वाटेना.

हॉटेलच्या मॅनेजरबाई धडा बघायला आल्या. धूर दिसला तर आधी काय कराल, याला त्यांनी उत्तर दिलं, "मॅनेजरला कळवीन." चूक. पहिलं पान. नंतरही दर वेळी तेच उत्तर, कारण मॅनेजर त्या स्वतःच होत्या आणि माघार घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, यातून बाहेर कसं पडायचं?" आमचे साहेब म्हणाले, "तेच तर शिकवतोय, मॅडम." कोणीच हसलं नाही. साहेबांनी उठून कॉम्प्युटरचा प्लग उपटला.

मग मला हुकूम झाला, सगळं मोकळं कर. केलं. हॉटेलातले सगळे जण सरळ शेवटच्या पानावर गेले आणि प्रमाणपत्र घेऊन चहाला निघाले. त्यांच्या स्वयंपाक्याला मी विचारलं, आग लागली तर कुठल्या दाराने जाल? तो म्हणाला, "ताई, ते प्रमाणपत्रावर छापलंय का?"

आता साहेब म्हणतात, बंदही नको आणि मोकळंही नको. माणसाला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मनाने चाललोय, पण त्याने जायचं मात्र आपण नेऊ तिकडेच. तुला कळलं का हे? मला नाही कळलं. मान हलवून आले. घरी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "त्यात काय, तुझ्या आईकडे बघ." आई म्हणाली, "मी काय केलं?" आणि त्यावरून दोघांचं जे सुरू झालं, त्यात माझा प्रश्न तसाच राहिला.

तुझी गोंधळलेली
भाची

ता. क. असलं काही आयुष्यात न केलेलं एक माणूस कुणाच्या मदतीशिवाय धडा पुरा करून दाखवेल, तर नोकरी पक्की करतो, असं साहेब म्हणालेत. मी तुझं नाव देऊन आले. (आधी विचारायला हवं होतं. आता विचारते आहे.) आतोबांच्या फोनवर लिंक पाठवली आहे.

आणखी एक ता. क. अजिबात दडपण घेऊ नकोस. नवा धडा अगदी मोकळा आहे, मनाला येईल तिथे जा.

शेवटचं. सुरू करण्याआधी गॅस मात्र बंद कर आणि आतोबांना जेवायला वाढून ठेव. फुली मी परत बसवली होती, पण लिंक पाठवताना मला राहवलं नाही.